उपवासाला चालते का?

नवे फळ पहिल्यांदाच तोंडात घालणाऱ्या माणसाचा चेहरा तुम्ही कधी नीट न्याहाळला आहे काय? नसल्यास अवश्य न्याहाळावा. त्या क्षणी तो माणूस खात नसतो, चौकशी करीत असतो. डोळे अर्धवट मिटलेले, भुवया जवळ आलेल्या, जीभ टाळूला टेकलेली. आत कोठेतरी तो जुन्या वह्या चाळीत असतो. मग घास गिळतो आणि ठरलेले वाक्य बोलतो, "अमक्यासारखे लागते." लिची द्राक्षासारखी लागते, फक्त तिने थोडे अत्तर लावले आहे. ॲव्होकाडो मीठ घालायचे राहून गेलेल्या पिठल्यासारखे लागते. नवे फळ निव्वळ स्वतःच्या नावावर आमच्या तोंडात शिरू शकत नाही. लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणूस बसलेला दिसला, की आमच्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या बाया त्याला पहिल्यांदा विचारतात, "तू कोनाचा कोन रे बावा?" ओळख पटेपर्यंत वाढणारीचा हातही जरा आखडलेलाच असतो. जीभ ही अशीच एक म्हातारी आहे. नाते लागल्याशिवाय ती कोणाला घरात घेत नाही.

आमच्या अमरावतीत या म्हातारीला अलीकडे फार काम पडू लागले आहे. राजकमल चौकाकडून संध्याकाळी चालत निघावे, तर फळांच्या गाड्यांवर दिवे लागलेले असतात. पूर्वी या गाड्यांवर केळी, पेरू, मोसंबी, संत्री आणि हंगामात पाटीभर सीताफळे, एवढाच संसार असे. आता तेथे प्रत्येक फळाच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवलेली असते आणि काहींच्या अंगात पांढरी जाळीदार बंडीही असते. केसाळ किवी असते, गुलाबी खवल्यांचे ड्रॅगन असते, काळपट हिरवे ॲव्होकाडो असते. ही फळे हौसेने घेणारी तरुण मंडळी आहेत, नाही असे नाही. परंतु जरा वेळ उभे राहून पाहिले तर दिसते, की किवी घेणाऱ्याच्या दुसऱ्या हातात बहुधा औषधांची पिशवी असते.

किवी आमच्या शहरात दवाखान्याच्या वाटेने आली. पावसाळ्यात डेंग्यूची साथ पसरली, रोग्याच्या रक्तातल्या प्लेटलेट उतरू लागल्या, की कोणीतरी जाणता सांगतो, "किवी द्या." वैद्यकशास्त्राने या समजुतीला पक्का दाखला दिलेला नाही, पण खाटेवर पडलेल्या माणसाशेजारी बसून नुसते आकडे ऐकण्यापेक्षा काहीतरी चिरून देणे बरे वाटते. मीही किवी प्रथम खाल्ली ती एका मित्राच्या खाटेशी बसून. वहिनींनी काप करून बशीत मांडले होते. हिरवागार काप, मध्ये पांढरा डोळा आणि डोळ्याभोवती काळ्या बियांचे कडे. त्यांनी बशी माझ्यापुढेही केली. मी एक काप तोंडात टाकला, तर मित्र उशीवरून मान उचलून विचारतो, "कसं लागते?"

"आंबटगोड. तू खाऊनच राहिला आहेस ना?"

"सहा दिवस झाले," तो म्हणाला, "पन तापानं तोंडाले चवच नाही. म्हनून तुले इचारून राहिलो."

मित्र पुढे बरा झाला. परंतु घरात किवी आणलेली त्याला आजतागायत खपत नाही. एखाद्या फळाची पहिली भेट कोठे होते, यावरही पुष्कळ काही अवलंबून असते.

या किवीचा इतिहास मात्र मोठा मौजेचा आहे. ती मूळची चीनची. 1904 साली न्यूझीलंडमधली एक मुख्याध्यापिका चीनचा प्रवास करून परतली, तेव्हा तिने या वेलीचे बी बरोबर नेले. पुढे तेथे बागा उठल्या, फळ परदेशी जाऊ लागले. तोवर त्याला चिनी गूजबेरी म्हणत. अमेरिकेच्या बाजारात हे नाव चालणार नाही असे दिसल्यावर 1959 साली व्यापाऱ्यांनी त्याला आपल्या देशातल्या एका पक्ष्याचे नाव देऊन टाकले. म्हणजे आज आपण जे नाव घेऊन हे फळ मागतो, ते विक्रीसाठी ठेवलेले नाव आहे. आपल्याकडे गुजरात सरकारने 2021 साली ड्रॅगन फळाचे 'कमलम्' असे बारसे केले. गाडीवाल्याकडे 'कमलम् द्या' म्हणणारे गिऱ्हाईक मी अमरावतीत अद्याप पाहिलेले नाही.

आणि दुसरीकडे सीताफळ पाहा! अजिंठ्यापासून मेळघाटापर्यंत डोंगराडोंगरांत ते असे रुजले आहे, की वनवासात खुद्द सीतामाईने ते खाल्ले, यावर शंका घेणारा माणूस आमच्याकडे नास्तिक ठरेल. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र सांगतात, की या झाडाचे माहेर अमेरिका खंड. रामफळाचेही तेच. पपई तिकडची, पेरू तिकडचा, चिकू मेक्सिकोकडचा, काजू ब्राझीलचा. अननसाने तर आपले मूळ नावही फारसे बदलले नाही. तिकडच्या रहिवाशांच्या भाषेतला शब्द पोर्तुगीजांच्या जिभेवर बसून आमच्यापर्यंत आला. शाळेच्या वाटेवर आम्ही दगड मारून पाडीत असू ती विलायती चिंचसुद्धा मेक्सिकोकडचीच. 'विलायती' हा शब्द आम्ही रोज उच्चारीत होतो. पण त्या गुलाबी-पांढऱ्या गरात काही विलायती आहे, असे कोणाच्या मनातही आले नाही.

मला नेहमी वाटते, वऱ्हाडात पहिले सीताफळ ज्याने खाल्ले असेल, त्याचा चेहरा कसा झाला असेल? बाहेरून खवल्याखवल्यांचे, हातात घ्यावे तर फुटणारे, आत गरापेक्षा बियाच जास्त. त्यानेही जिभेवर घोळवून म्हटले असेल, "अमक्यासारखे लागते." कशासारखे म्हणाला असेल, ते आता कळायला मार्ग नाही. पण त्याच्यामागून आलेल्या कोणा बाईने त्या परक्या फळाला सीतेचे नाव दिले आणि प्रश्न कायमचा मिटवून टाकला. मी बाई म्हणतो ते मुद्दाम. पुरुष फळाला भाव देतात. नाते लावण्याचे काम बायांचे.

परक्या फळाला नागरिकत्व बहाल करणारी आमच्याकडची कचेरी म्हणजे स्वयंपाकघर, आणि तेथे विचारला जाणारा प्रश्न एकच : उपवासाला चालते का? या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले, की ते फळ आपले झाले. उपवासाच्या ताटाकडे एकदा या दृष्टीने पाहावे. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो ब्राझीलकडचा, आणि साबुदाणा तयार होऊन येतो तमिळनाडूतल्या सेलमहून. शेंगदाणा, बटाटा, रताळे, हिरवी मिरची ही सारी अमेरिका खंडातली. राजगिराही तिकडचाच. भगर आणि शिंगाडा सोडला, तर आषाढी एकादशीला आम्ही विठोबाच्या नावाने समुद्रापलीकडचेच जेवतो. आणि शेकडो वर्षे या मातीत पिकलेली ज्वारी त्या दिवशी बिचारी बाहेर बसलेली असते.

नव्याची ओढ आमच्या घरात आजोबांपासून आहे. आपले डॉ. पंजाबराव देशमुख तेव्हा केंद्रात कृषिमंत्री होते आणि त्यांच्या पुढाकाराने 1959 च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरले. उद्घाटनाच्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. पापळ गावच्या आपल्या माणसाने जग दिल्लीत आणले आहे, ते पाहिले नाही तर काय पाहिले, असे म्हणून आजोबा दोन धोतरजोड्या आणि शिदोरी घेऊन निघाले. परत आले ते ट्रॅक्टरांच्या गोष्टी घेऊन. पण त्यांची आवडती गोष्ट निराळीच होती. तेथे कोणी त्यांना डब्यातल्या अननसाची चकती खायला दिली होती. पिवळी, मध्ये भोक असलेली, पाकात भिजलेली. घरी येऊन ते ती चव सांगू लागले, पण त्यांना उपमाच सापडेना. गाव सभोवती बसलेले. शेवटी ते म्हणाले, "दिल्लीसारखं लागते!" त्यानंतर पुष्कळ वर्षे आमच्या घरी न कळणाऱ्या चवीला 'दिल्लीचं' म्हणण्याचा प्रघात होता.

ही झाली हौसेची गोष्ट. परंतु नवे फळ ज्या दिवशी शेतकऱ्याच्या घरात येते, त्या दिवशी ते केवळ चवीचे राहत नाही. त्यामागे सातबारा उभा असतो.

आमचे वावर वरूड तालुक्यात आहे. वरूड-मोर्शीच्या या पट्ट्याला लोक 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात. आणि जो संत्रा आम्हांला हे नाव मिळवून देतो, तोही मूळचा येथला नव्हेच. नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी तो औरंगाबादेकडून आणविला असे सांगतात. 2014 साली 'नागपुरी संत्रा' या नावावर भौगोलिक मानांकनाची मोहोर उमटली. म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा रीतसर घरजावई झाला! आमच्या घरी तो आला 1984 साली, विहिरीला पाणी लागल्यावर. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकेतली, जंबेरीवर बांधलेली कलमे वडिलांनी बैलगाडीतून आणली. त्या झाडांवर आम्हा भावंडांची शिक्षणे झाली, बहिणीचे लग्न झाले, पक्के घर झाले. झाडांना ताण केव्हा द्यायचा, आंबिया धरायचा की मृग, हे आमच्या घरातले राजकारण होते.

पण गेल्या काही वर्षांत या राजकारणाची रया गेली. पाणी शोधीत बोअर खाली खाली चालले. पावसाची लहर फिरली आणि सुपारीएवढी, लिंबाएवढी झालेली फळे झाडाखाली सडा पडावा तशी गळू लागली. त्यातून वाचलेला माल बांगलादेशाकडे जाई, तर तेथल्या सरकारने 2019 पासून आयातशुल्क चढवीत नेले. वडील गेल्यापासून शेती पाहणारा माझा दादा वाणीने फार थोडा. तो तक्रार करीत नाही. फक्त संध्याकाळी बागेतून येताना गळलेली दोन संत्री खिशातून काढून ओट्यावर ठेवतो.

2022 च्या भाद्रपदात मी गावी गेलो होतो. त्या दिवशी दादाने ओट्यावर संत्री ठेवली नाहीत. कागदी पिशवीतून काढून एक ड्रॅगन फळ ठेवले. सोलापूरकडे कोणाची तरी बाग पाहून आला होता. सिमेंटचे खांब, वर चाक, प्रत्येक खांबाला चार रोपे, रात्री उमलणारी फुले, फुलापासून महिनाभरात फळ, पाणी संत्र्याच्या मानाने फारच कमी. तो एवढे सलग बोललेला मी वर्षांत ऐकला नव्हता. शेवटी म्हणाला, "खालचं दोन एकर संत्रं काढून टाकतो. हे लावतो."

घरात कोणी बोलेना. जमीन मायच्या नावावर आहे. तिचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात. ती भिंतीला टेकून वाती वळीत बसली होती. झाडे वडिलांच्या हातची. ती आता काय म्हणते, इकडे सगळ्यांचे लक्ष. ती म्हणाली, "काप त खरं. खाल्ल्याबिगर कसं सांगू?"

फळ कापले. आत गर्द लाल गर, त्यात तिळासारख्या काळ्या बिया. विळीवर, ताटावर, दादाच्या बोटांवर तो रंग उतरला. सगळ्यांनी एकेक फोड घेतली आणि सगळ्यांचे चेहरे, मी वर वर्णन केले तसे झाले. वहिनी म्हणाली, कलिंगडासारखे, पण गोडी कमी. पुतण्या म्हणाला, किवीसारखे. मला ते आजोबांच्या भाषेत दिल्लीचे लागले. माय मात्र बराच वेळ काही बोलली नाही. तिने जीभ बाहेर काढून वहिनीला विचारले, "लाल झाली का व?"

"झाली."

"मंग हे निवडुंगाचं बोंड होय," ती म्हणाली. "फड्या निवडुंगाचं."

आम्ही हसलो. ती हसली नाही. तिने दुसरी फोड घेतली आणि सांगू लागली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर ती जात असे. मिळायची ती सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी. कामाच्या वाटेवर एका बरडावर फड्या निवडुंगाचे रान होते. त्याची लाल बोंडे बायका काठीने पाडीत, खरबरीत दगडावर घासून बारीक कुसे काढीत, विस्तवावर फिरवीत आणि पदराखाली घालून घरी आणीत. ती माझ्याकडे वळली. "तू चार वर्साचा व्हता. तोंड असं लाल करून अंगनात फिरे. शेजारची धावत आली, लेकराच्या तोंडातून रगत येऊन राहिलं म्हने. आज शंभराले एक घेता न् कशासारखं लागते ते इचारता?"

मी फोड हातात धरून बसलो होतो. मला ती चव आठवत नव्हती, आजही आठवत नाही. परंतु ज्या फळाला मी आयुष्यात प्रथमच भेटतो आहे असे समजत होतो, त्याच्या नातलगाने मला एका वाईट वर्षी जगवले होते. पुढे वाचनात आले, की मायची जीभ शास्त्राच्या कसोटीलाही उतरली. ड्रॅगन फळ आणि फड्या निवडुंग दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही अमेरिका खंडातून निघालेली. एक फार पूर्वी येऊन बरडावर उपाशी माणसांची वाट पाहत उभे राहिले. दुसरे फ्रेंचांबरोबर व्हिएतनामला जाऊन, बाजाराचे शिष्टाचार शिकून, उशिरा आले. आपल्याकडे एकाला कुंपणावर जागा मिळाली, दुसऱ्याला काचेच्या कपाटात.

दादा अजून उत्तराची वाट पाहत होता. मायने वातीचे ताट बाजूला सारले. "लाव," ती म्हणाली. "पन संत्रं उपटू नोको. निवडुंग होय ते. त्याले काळं वावर कायले पायजे? धुऱ्यापलीकडचं बरड पडलं हाय, तिथी लाव. अर्धा एकर लाव. गळलं तरी संत्रं आपलं हाय, न् हे आपलं व्हते का नाही, थे पाहू."

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला दादा दरवर्षी जातो; माती, पाणी, खते यांवर तासभर बोलू शकतो. पण या सल्ल्यावर त्याने काही प्रतिवाद केला नाही. पुढच्या उन्हाळ्यात बरडावर खांब उभे राहिले.

हे फळ आले आणि आमचे दिवस पालटले, असे सांगता आले असते तर कथा गोड झाली असती. तसे काही झालेले नाही. 2024 साली पहिली तोड निघाली तोवर आसपास पुष्कळांनी खांब रोवले होते, आणि व्यापाऱ्याने सांगितलेला भाव ऐकून दादा पुन्हा पूर्वीसारखा थोडा बोलू लागला. संत्र्याची गळ चालू आहे. मात्र त्या वर्षी चांगल्या धरलेल्या झाडांनी घर सांभाळले. खालचे दोन एकर उपटले असते तर काय झाले असते, हे आमच्या घरी कोणी बोलून दाखवीत नाही. आषाढात एका रात्री आम्ही सगळे कंदील घेऊन बरडावर गेलो होतो. खांबाखांबावर वितीएवढी पांढरी फुले उमलली होती. सकाळी पाहावे तो माना टाकलेल्या. ज्या जमिनीत कुसळाशिवाय काही आले नाही, तेथे एका रात्रीपुरते एवढे वैभव पाहून वहिनीने नकळत हात जोडले.

आणि मग एकादशी आली. फळ घरचे, ताटात ठेवायचे की नाही, असा प्रश्न निघाला. वहिनीने देवळातल्या गुरुजींना विचारले : उपवासाला चालते का? ते विचार करून म्हणाले, "शास्त्रात उल्लेख नाही." वहिनी तोच निरोप घेऊन घरी आली. माय साबुदाणा भिजवीत होती.

"शास्त्रात साबुदाना हाय का?" तिने विचारले, आणि ताटात शेंगदाण्याच्या लाडवाशेजारी दोन लाल फोडी ठेवल्या. काम झाले. आता ते फळ आमच्या घरी 'बोंड' या नावाने ओळखले जाते. वऱ्हाडी माणसाला हा शब्द काही नवा नाही. कपाशीच्या बोंडावरच तर त्याचे सारे नशीब लोंबकळत आले आहे.

या उन्हाळ्यात पुतण्याची पाच वर्षांची मुलगी माझ्याबरोबर रानात आली होती. ओढ्याच्या काठावर फड्या निवडुंगाचे एक जुने झुडूप अजून टिकून आहे. त्यावर पिकलेले एक बोंड दिसले. मायने सांगितले होते तसे ते मी दगडावर घासले, कुसे काढली, चाकूने चिरून तिच्या हातावर ठेवले. पोरीने ते तोंडात टाकले, डोळे अर्धवट मिटले, भुवया जवळ आणल्या. मग लाल झालेली जीभ काढून मला म्हणाली,

"आबा, हे त आपल्या ड्रॅगनसारखं लागते."